लॉ आणि क्रिमिनॉलॉजी दोन्ही एकत्र करायचंय, जमतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कराडची, यंदा बारावी आर्ट्स झाले. पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिलीये, स्कोअर बरा आहे, कॅप राउंडला पुण्यातलं एखादं कॉलेज लागेल असं वाटतंय. पण मला नुसतं लॉ नाही करायचं, क्रिमिनॉलॉजी पण शिकायचीये. म्हणजे गुन्हा झाला, कलम लागलं, शिक्षा झाली एवढ्यावर माझं समाधान होत नाही. एकाच आळीतली दोन पोरं, एक पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर पळतोय आणि दुसऱ्याचं नाव त्याच पोलिसांच्या यादीत, असं का होतं हे कुणीतरी नीट अभ्यासत असेलच ना? अकरावीला सोशॉलॉजी घेतलं तेव्हापासून हे डोक्यात आहे.

तर विचारायचं असं की लॉ रेग्युलर आणि क्रिमिनॉलॉजीचं बी.ए. दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून, असं एकदम करता येतं का? यूजीसीने आता दोन डिग्र्या चालतील म्हटलंय ना? मावशी म्हणते गांधीनगरला जा, तिथं फॉरेन्सिकचं मोठं विद्यापीठ आहे. पप्पा म्हणतात आधी वकील हो, बाकीचे छंद नंतर. मला हा छंद वाटत नाही. आणि इंग्लंडमध्ये दोन्ही मिळून सरळ एकच डिग्री असते असं वाचलं. तिकडं जाणं परवडणारं नाहीये, पण तिथं काय शिकवतात ते कळलं तर इथं मी माझं माझं जुळवीन. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, दोन ओळीत नको.

तालुका_कोर्ट

आधी नियमाचं सांगतो, कारण यात पोरं अडकतात. यूजीसीने २०२२ ला दोन डिग्र्या एकाच वेळी करायला परवानगी दिली हे खरंय, पण लॉची डिग्री चालते बार काउन्सिलच्या नियमांवर. २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्समधला नियम ६ बघ, लॉला ॲडमिशन असताना दुसऱ्या कुठल्या डिग्रीलाच काय, सर्टिफिकेट कोर्सलासुद्धा नाव घालायचं नाही. सूट फक्त भाषा आणि कॉम्प्युटरच्या छोट्या पार्टटाइम कोर्सना आणि विद्यापीठाच्या डिस्टन्स लर्निंग सेंटरच्या कोर्सना. म्हणजे दोन रेग्युलर डिग्र्यांचा विषय तिथंच संपला, त्यात वकिलीची सनद अडकवून घेऊ नको.

आता दुसरी बाजू. त्याच नियमांत ऑनर्ससाठी जे विषयगट दिलेत त्यात क्राइम अँड क्रिमिनॉलॉजी हा आख्खा गट आहे. पीनॉलॉजी-व्हिक्टिमॉलॉजी (शिक्षेचा आणि पीडितांचा अभ्यास), क्रिमिनल सायकॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स, तुरुंग प्रशासन, प्रोबेशन आणि पॅरोल, व्हाइट कॉलर क्राइम, बालगुन्हेगारी, सगळं त्यात येतं. तुला पाहिजे ते इथंच आहे, फक्त कॉलेज तो गट खरंच शिकवतं की नुसता छापील पत्रकात आहे ते ॲडमिशनच्या आधी विचारून घे, आणि ऑफिसात विचारू नको, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पोरांना गाठ. माहितीपत्रकात दहा पर्याय असतात आणि मास्तर असतात दोनच विषयांना, असं बऱ्याच ठिकाणी आहे.

मावशी सांगतात ते नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी. २००९ ला गुजरातचं विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०२० ला केंद्राने राष्ट्रीय दर्जा दिला. त्यांची गोव्यातपण शाखा आहे. चांगली जागा आहे, तिथं लॉचे कोर्सही आहेत. पण फॉरेन्सिक म्हणजे रक्त, विष, हस्ताक्षर, मोबाइलमधला डेटा. तुझा प्रश्न आळीतल्या दोन पोरांचा आहे आणि तो प्रयोगशाळेत सुटत नाही. अर्थात वकिलाला फॉरेन्सिक कळायलाच पाहिजे आता, १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत, त्यात बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेली नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचंय आणि पुरावे गोळा करतानाचं व्हिडिओ शूटिंग करायचंय. उलटतपासाला उभं राहिल्यावर यातलं काही कळत नसेल तर अशिलाचं नुकसान.

बाकी तुला क्रिमिनॉलॉजी का लागणार ते मी माझ्या कोर्टातलं सांगतो. आमच्याकडं दुपारच्या सुट्टीनंतर रिमांड निघतं. बुरखा घातलेली दोन-तीन पोरं, शेजारी हवालदार, काखेत केस डायरी. साहेब विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोरगं आधी हवालदाराकडं बघतं आणि मग नाही म्हणतं. रोजनाम्यात नोंद होते, तक्रार नाही. चोवीस तासांत हजर केलं, अटकेची कारणं सांगितली, तक्रार विचारली, कायद्याने सगळं रीतसर झालं. पण त्याने आधी कुणाकडं बघितलं ते कुठंच लिहिलं जात नाही.

मग जामीन होतो, पंधरा हजाराचा, आणि जामीनदार मिळत नाही. सातबारा असलेला माणूस आणायचा कुठून? आईबाप ऊसतोडीला गेलेले, गावात कागद द्यायला कुणी तयार नाही. ऑर्डर माझ्या हातात आणि पोरगं आत, महिना महिना. लॉ कॉलेजात मला जामिनाची कलमं पाठ करून घेतली, पण जामीन मिळूनही आत राहणारा माणूस कोण असतो हे एका तासालाही कुणी शिकवलं नाही. तू ते शिकून ये, अशा वकिलांची आमच्याकडं लई गरज आहे.

परिवीक्षा

कृष्णाकाठ, मी उलट्या बाजूने आलेली आहे. माझं लॉ नाही, बी.ए. सोशॉलॉजी आणि नंतर मुंबईत टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल वर्कमध्ये एम.ए., क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस. आता बाल न्याय मंडळाच्या कामात आहे म्हणून त्याबद्दलच लिहिते.

तुझा लॉ आणि क्रिमिनॉलॉजी एकत्रचा प्रश्न मला रोज एका कागदावर दिसतो, सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट. मुलगा मंडळापुढं आला की परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याच्या घरी जातो, शाळेत जातो, कधीपासून शाळा सुटली, बाप दारू पितो का, घरात कमावतं कोण, मित्र कोण, आधी काही झालं होतं का, हे सगळं लिहून आणतो आणि त्यावर मंडळ ठरवतं. मंडळावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यातले सदस्य, त्यातली एक तरी बाई, अशी कायद्यातच रचना आहे. म्हणजे कायदा स्वतःच मान्य करतोय की एकट्या मॅजिस्ट्रेटला हे झेपणार नाही.

पण होतं काय, वकील तो रिपोर्ट वाचतच नाहीत. शेवटच्या पानावरची शिफारस बघतात. आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला बऱ्याचदा कायदा माहीत नसतो, मग मुलाने 'केलं' असं लिहून मोकळे होतात, अजून सिद्ध व्हायचंय याचं भान नाही. दोन्ही येणारी माणसं अगदी हाताच्या बोटांवर.

पुण्यातला कल्याणीनगरचा, अल्पवयीन मुलाच्या गाडीचा अपघात आठवत असेल, मे २०२४. तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला म्हणून सगळा महाराष्ट्र पेटला होता आणि राग येणं साहजिक होतं, दोन जीव गेले. पण जो तो म्हणत होता सज्ञान समजून केस चालवा, त्यातल्या किती जणांनी कायदा उघडला? २०१५ च्या कायद्यात १६ ते १८ च्या मुलाला सज्ञानासारखं चालवायचं तर गुन्हा 'निर्घृण' वर्गात बसावा लागतो, म्हणजे कमीत कमी सात वर्षं शिक्षा असलेला. तेव्हाच्या आयपीसीत सदोष मनुष्यवधाला किमान शिक्षाच नव्हती, आणि असे गुन्हे त्या वर्गात येत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय. हा झाला लॉचा भाग. आणि मूल परत गुन्ह्याकडं वळू नये म्हणून काय केल्याने फरक पडतो, निरीक्षणगृह, समुपदेशन की काय, तो क्रिमिनॉलॉजीचा भाग. टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही नव्हते.

जामिनाचं वर तालुका_कोर्ट सरांनी लिहिलंय त्यात भर. आपल्या तुरुंगात चारातले तीन कच्चे कैदी आहेत, एनसीआरबीचा (केंद्राचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकडा आहे. नव्या बीएनएसएसच्या कलम ४७९ मध्ये चांगली तरतूद आली, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाँडवर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. पण पोटकलम २ वाच. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर हा फायदा नाही. आणि मोबाइल चोरणाऱ्या, गर्दुल्ल्या पोराच्या नावावर एकच केस असते का कधी? एकदा हातात सापडला की मागच्या चार उघड न झालेल्या केसेस पण त्याच्यावर टाकतात. कलम वाचून वाटतं गरिबाची सोय झाली, बरॅकमध्ये जाऊन बघितलं की कळतं ज्याच्यासाठी केलं तोच बाहेर राहिला. मुंबईत टिसचा प्रयास नावाचा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात याच लोकांबरोबर काम करतोय, त्यांचं लिखाण शोधून वाच.

रोखठोक_सांगली

मी वेगळं सांगतो, राग मानू नकोस. अशील वकिलाला क्रिमिनॉलॉजी विचारत नाही, बेल कधी होईल ते विचारतो. ड्राफ्टिंग शिक, उलटतपास शिक, सीनिअरकडं फाइली उचल. शिवाय २०२५ ला सुप्रीम कोर्टाने परत नियम आणलाय की ज्युनिअर डिव्हिजन जज व्हायला तीन वर्षं प्रॅक्टिस लागणार, म्हणजे कोर्टात उभं राहणं आलंच. क्रिमिनॉलॉजीने पोट भरत नाही, पप्पांचं ऐक.

परिवीक्षा

रोखठोक दादा, प्रॅक्टिस पाहिजे यात वाद नाही. पण शिक्षेवर युक्तिवाद करताना काय करता तुम्ही? 'आरोपी तरुण आहे, घरचा कर्ता आहे, दया दाखवावी', एवढ्या तीन ओळी ना? १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट आहे, परिवीक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवता येतो, बीएनएसमध्ये (आयपीसीच्या जागी आलेला नवा दंड कायदा) आता सामाजिक सेवेची शिक्षा आलीये. हे वापरायला आरोपीबद्दल काहीतरी ठोस मांडावं लागतं आणि ते कुठं शोधायचं हे क्रिमिनॉलॉजी शिकवते. पोट भरण्याचा प्रश्न खरा आहे पण हे अशिलाच्या कामाचं नाही असं म्हणू नका.

शेफील्डकर

मूळची नाशिकची, शेफील्डला एलएलबी लॉ अँड क्रिमिनॉलॉजी केलं. मँचेस्टरलाही असाच कोर्स आहे, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. काय शिकवतात विचारलंस म्हणून सांगते. लॉचे मुख्य विषय सुटत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, क्रिमिनल, पब्लिक लॉ, जमीन, ट्रस्ट, हे सगळं करावंच लागतं. बाकीचे जे निवडीचे पेपर असतात त्या जागा क्रिमिनॉलॉजी खाते. म्हणजे कंपनी लॉ, फॅमिली लॉ वगैरेला कमी वाव राहतो, हे आधीच लक्षात घ्यायचं. त्याबदल्यात गुन्ह्याच्या थिअरीज, पोलिसिंग, शिक्षा कशी ठरते, तुरुंग, बळी पडलेल्यांचे अनुभव, आणि रिसर्च मेथड्स.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रिसर्च मेथड्सचा, आणि सगळ्यात कंटाळवाणा पण तोच होता. लॉच्या निबंधात तू निकाल दाखवून सिद्ध करतेस, क्रिमिनॉलॉजीच्या निबंधात 'कशावरून?' विचारतात आणि निकाल चालत नाही, आकडे नाहीतर मुलाखती लागतात. एकाच आठवड्यात दोन्ही लिहायचे म्हणजे डोकं दोन्हीकडं ओढलं जातं, पण हळूहळू सवय होते. इकडं १९८० च्या दशकापासून सरकार लोकांच्या घरोघर जाऊन विचारतं की गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत काय गुन्हा घडला, पोलिसात गेला असाल नसाल. त्यातून कळतं की नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यात केवढी दरी आहे. ती आकडेवारी आम्हाला स्वतः चाळायला लावली होती.

एक महत्त्वाचं, ही डिग्री घेऊन भारतात वकिली करायची तर आधी बार काउन्सिलची मान्यता, मग त्यांची वेगळी परीक्षा, ब्रिज कोर्सही लागू शकतो. इथं सॉलिसिटर व्हायचं तर डिग्रीनंतर एसक्यूई ही सॉलिसिटरची परीक्षा आणि दोन वर्षांचं काम. परवडत नसेल तर यासाठी कर्ज अजिबात काढू नकोस, तुला हवंय ते भारतात राहून जुळवता येण्यासारखं आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहिलंत. नियम ६ चं माहीतच नव्हतं, मी दुसरीकडं फॉर्म भरणारच होते. पप्पांना पण हा धागा वाचायला दिला, ते परिवीक्षा ताईंचं दोनदा वाचत होते. आता एकच, मी पाच वर्षं लॉ करताना क्रिमिनॉलॉजी स्वतः वाचायची म्हटलं तर सुरुवात कुठून करू? थिअरीची नावं बघितली, सगळे युरोप-अमेरिकेतले लोक. आपल्याकडचं काही?

मास्तर_सोलापूर

मी लॉ कॉलेजात शिकवतो, हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

थिअरी वाच पण आपली जमीन समोर ठेवून वाच. पुस्तकात पहिल्यांदा बेकारिया येतो, १७६४ चा, म्हणतो शिक्षा किती भयंकर यापेक्षा ती नक्की होणार का याने गुन्हा थांबतो. मग शंभरेक वर्षांनी इटलीतलाच लोम्ब्रोसो, म्हणतो गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटी आणि जबड्यावरून ओळखता येतो. वर्गात पोरं हसतात याला. मग मी त्यांना सांगतो की लोम्ब्रोसोने लिहायच्या आधीच, १८७१ ला, इंग्रजांनी इथं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. युरोपात ती प्रबंधातली कल्पना होती, आपल्याकडं कायद्याचं कलम झालं, हजेरी, परवाना, तारेचं कुंपण. सोलापुरात तो भाग अजून सेटलमेंट याच नावाने ओळखतात, माझ्या वर्गात तिथली पोरं बसतात. १९५२ ला कायदा गेला, पण १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि पारध्याच्या पालावर रात्री जीप जायची थांबली नाही.

आता २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच, ३ ऑक्टोबरचा, सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार. त्या मुंबईच्या पत्रकार. तुरुंगात स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचा हे जातीवरून ठरत होतं, आणि काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत विमुक्त जमातींचा (१८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या त्याच जमाती) उल्लेखच गुन्हेगारी प्रवृत्तीचे असा होता. कोर्टाने ते नियम रद्द केले, तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. निकालात कलम १४, १५, १७, २१, २३ आहेतच, पण त्याचा पाया बघ, इतिहास आणि समाजशास्त्र आहे. नुसतं लॉ येणाऱ्याला ही याचिका सुचली नसती आणि नुसती क्रिमिनॉलॉजी येणाऱ्याला ती कोर्टात टिकवता आली नसती. तुझ्या आळीतल्या दोन पोरांकडं परत बघ आता. त्यातला यादीत असणारा कोणत्या वस्तीतला आहे, आणि यादी कधीपासूनची आहे?

आकड्यांचंही शिकून घे. एनसीआरबीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. पण त्यात एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सगळ्यात जबर शिक्षेचंच एक मोजतात. आणि एखाद्या राज्यात आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, तिथं तक्रार घेतली जाते असाही अर्थ असू शकतो, खुद्द एनसीआरबी हे बजावते. पेपरात मात्र दरवर्षी गुन्ह्यांत अमुक राज्य पहिलं अशी बातमी लागते. पहिल्या वर्षी एवढं जरी केलंस, एक जिल्हा घेऊन पाच वर्षांचे आकडे आणि त्यावर चार पानं, तरी पुरे.

आटपाडीकर

कराडहून लांब नाही म्हणून सांगतो. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, खुली वसाहत. औंध संस्थानच्या काळात १९३९ ला सुरू झाली. जन्मठेपेचे कैदी बायकापोरांसकट राहतात, शेती करतात, भिंत नाही. कॉलेजमार्फत तुरुंग विभागाची परवानगी काढून नक्की बघ. शिक्षा म्हणजे काय यावर आम्ही लहानपणी त्यांच्या पोरांबरोबर शाळेत बसून जे शिकलो ते सांगता येणार नाही, तू स्वतः ये.

तालुका_कोर्ट

मास्तरांनी वाचायचं सांगितलं, मी करायचं सांगतो. ॲडमिशन झाली की पहिल्याच वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, आणि पॅरा लीगल व्हॉलंटिअरसाठी नाव दे. लॉच्या विद्यार्थ्यांना घेतात. तुरुंगातल्या लीगल एड क्लिनिकला पाठवतात, कैद्यांचे अर्ज लिहायचे, घरी फोन लावायचा, जामीनदार शोधायचा. २०२२ पासून लीगल एड डिफेन्स काउन्सेलची योजना चालू झालीये, पूर्ण वेळ फक्त गरीब आरोपींचं काम करणारे पगारी वकील, पाच वर्षांनी तुला तिथं जागा आहे, पप्पांना हेही सांग. त्यानंतर एलएलएम क्रिमिनल लॉ किंवा परिवीक्षा ताईंसारखं टिस, ते तेव्हा बघू.

आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना ज्या कॉलेजात तो ऑनर्सचा गट खरंच चालतो ती वर टाक, नाव मोठं म्हणून टाकू नको. यादी तयार झाली की इथं टाक, आम्ही बघून सांगतो.

कृष्णाकाठ

टाकते सर, उद्या रात्रीपर्यंत. दोन कॉलेजच्या सीनिअर्सचे नंबर मिळालेत, आधी त्यांना फोन करते.